हाताळणीचा ताण आणि समुद्रपक्ष्यांच्या प्रतिकारशक्तीचे मोजमाप

प्रस्तावना

रानातील पक्ष्याची रोगप्रतिकारशक्ती मोजायची असेल तर त्याच्या रक्ताचा नमुना लागतो. नमुना घ्यायचा तर पक्षी पकडावा लागतो. पकडल्याबरोबर त्याच्या शरीरात असे बदल सुरू होतात की ज्यांचा परिणाम रक्तातील पेशींवर व प्रथिनांवर होतो. म्हणजे आपण जे मोजायला जातो, ते मोजण्याच्या कृतीमुळेच थोडेफार बदलते. हा प्रश्न प्राणिशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र व संख्याशास्त्र या तिन्ही विषयांच्या अध्यापकांना उपयोगी पडेल असा आहे. तो नेमका काय आहे, संशोधकांनी त्यावर कोणते उपाय शोधले आणि वर्गात तो कसा शिकवता येईल, हे सांगण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

अलीकडे या प्रश्नाला व्यावहारिक महत्त्वही आले आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडजवळील बास रॉक या बेटावरील गॅनेट पक्ष्यांच्या प्रसिद्ध वसाहतीत एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूने मोठी प्राणहानी झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस पेरूच्या किनाऱ्यावर पेलिकन व बुबी पक्षी हजारोंच्या संख्येने मेले. कोणत्या वसाहतीचे पक्षी रोगाला तोंड देऊ शकतील, प्रदूषणाने किंवा उपासमारीने त्यांची प्रतिकारशक्ती खालावली आहे काय, असे प्रश्न आता संरक्षणाच्या कामात वारंवार विचारले जातात. उत्तर रक्ताच्या चाचणीवर अवलंबून असेल, तर ती चाचणी नक्की काय सांगते हे आधी समजून घेणे आवश्यक ठरते.

समुद्रपक्षीच का?

अल्बाट्रॉस, पेट्रल, पेंग्विन, बुबी, कुरव, सुरय हे पक्षी संशोधकांना सोयीचे वाटतात. ते मोठ्या वसाहती करून राहतात आणि बहुतेक वर्षानुवर्षे त्याच जागी परत येतात. अंडी उबवताना ते घरटे सहजासहजी सोडत नाहीत, त्यामुळे हाताने किंवा फासाने पकडता येतात. आयुष्य लांब असल्याने पायात कडी घातलेला एकच पक्षी अनेक वर्षे अभ्यासता येतो.

परंतु याच गुणांमुळे काही अडचणीही निर्माण होतात. सुरय पक्ष्यांच्या वसाहतीत माणूस शिरला की पहिला पक्षी हाती लागण्यापूर्वीच शेकडो पक्षी ओरडत आकाशात उठतात. त्यामुळे विसावा पक्षी पकडला जातो तेव्हा तो पुष्कळ वेळ अस्वस्थ असतो. जाळ्यात अडकलेला पक्षी सोडवून काढेपर्यंत लोंबकळत राहतो. कड्यावर घरटे करणाऱ्या जातींच्या बाबतीत पक्ष्याला पिशवीत घालून सुरक्षित जागी आणावे लागते आणि त्यातही वेळ जातो. म्हणून ‘हाताळणीचा काळ’ पक्ष्याला हात लागल्यापासून मोजायचा की वसाहतीत पाऊल टाकल्यापासून, हे प्रत्येक अभ्यासात आधी ठरवावे लागते.

पकडल्यानंतर शरीरात काय घडते?

ताणाला शरीर दोन टप्प्यांत प्रतिसाद देते. पहिला टप्पा काही सेकंदांचा असतो. त्यात ॲड्रेनॅलिन व नॉरॲड्रेनॅलिन ही संप्रेरके स्रवतात, हृदयाचे ठोके वाढतात व साठवलेली साखर रक्तात उतरते. दुसरा टप्पा मिनिटांचा असतो. मेंदूतील हायपोथॅलॅमस पियुषिका ग्रंथीला संदेश देतो, पियुषिका ग्रंथी अधिवृक्क ग्रंथींना चेतवते आणि अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिकोस्टेरॉन हे संप्रेरक रक्तात सोडतात. माणसात हे काम प्रामुख्याने कॉर्टिसॉल करते, तर पक्ष्यांत कॉर्टिकोस्टेरॉन.

दुसऱ्या टप्प्याला लागणारा हा थोडासा विलंब संशोधकांच्या फार उपयोगी पडतो. मायकेल रोमेरो व रीड यांनी २००५ मध्ये अनेक जातींमधील नोंदी तपासून दाखवले की, पकडल्यापासून दोन मिनिटांच्या आत घेतलेल्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉनची पातळी निवांत अवस्थेतील मानता येते. दोन ते तीन मिनिटांतील पातळीही बहुधा तिच्या जवळपास असते. त्यानंतर ती चढू लागते व साधारणपणे अर्ध्या ते एका तासात बरीच वर जाते. जॉन विंगफील्ड यांच्या संशोधनातून रूढ झालेल्या पद्धतीत पहिला नमुना तीन मिनिटांत आणि पुढील नमुने ठरावीक अंतराने, उदाहरणार्थ तीस मिनिटांनी, घेतले जातात. पहिल्या नमुन्यावरून मूळ पातळी कळते, तर पुढील नमुन्यांवरून ताणाला दिलेला प्रतिसाद कळतो.

कॉर्टिकोस्टेरॉनच्या बाबतीत ‘तीन मिनिटांचा नियम’ अशा रीतीने पक्का झाला. प्रतिकारशक्तीच्या चाचण्यांना मात्र एकच एक नियम लावता येत नाही, कारण प्रत्येक चाचणी शरीरातील निराळी गोष्ट मोजते आणि प्रत्येक गोष्ट आपापल्या गतीने बदलते.

चाचण्या आणि त्यांच्यावर होणारा परिणाम

पहिली चाचणी पांढऱ्या पेशींच्या गणतीची. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असते, त्यामुळे माणसाच्या रक्तासाठी बनवलेली गणनयंत्रे येथे फसतात. काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर पसरून, तो रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली बहुधा शंभर पांढऱ्या पेशी डोळ्यांनी मोजतात. त्यातील हेटरोफिल व लिम्फोसाइट यांचे गुणोत्तर महत्त्वाचे मानले जाते. हेटरोफिल म्हणजे आपल्या न्यूट्रोफिलचे काम करणारी पक्ष्यांतील पेशी. ग्रॉस व सीगल यांनी १९८३ मध्ये कोंबड्यांवरील अभ्यासातून हे गुणोत्तर ताणाचे मापक म्हणून पुढे आणले. ताणात हेटरोफिल वाढतात व लिम्फोसाइट घटतात, म्हणून गुणोत्तर चढते.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. रक्तातील लिम्फोसाइट घटले म्हणजे ते नष्ट झाले, असे नाही. फिरदौस धाभर व ब्रूस मॅकइवेन यांच्या उंदरांवरील संशोधनातून असे पुढे आले की, ताणाच्या वेळी पेशी रक्तातून निघून त्वचा, लसिका ग्रंथी इत्यादी ठिकाणी जाऊन बसतात. मोहरमच्या किंवा गणपतीच्या मिरवणुकीच्या दिवशी चौकीतील शिपाई बंदोबस्तासाठी रस्त्यावर गेलेले असतात. त्या वेळी कोणी चौकीत जाऊन डोकी मोजली आणि पोलीसबळ घटल्याचे लिहून ठेवले, तर गणती बरोबर असूनही निष्कर्ष चुकेल. रक्त हे असे ये-जा करण्याचे ठिकाण आहे. तेथील गणतीवरून संपूर्ण शरीराचे बळ ठरवताना सावध राहावे लागते.

या गुणोत्तराचा वेग कॉर्टिकोस्टेरॉनपेक्षा कमी आहे, ही दिलासा देणारी बाब होय. पहिल्या काही मिनिटांत घेतलेल्या काचपट्टीवर हाताळणीचा परिणाम सहसा दिसत नाही. पक्षी तासभर ठेवला तर तो दिसू शकतो. युरोपातील ग्रेट टिट या छोट्या पक्ष्यांत पकडल्यापासून तासाभराच्या आत हे गुणोत्तर वाढल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

दुसरी चाचणी जिवाणू मारण्याच्या क्षमतेची. रक्त किंवा रक्तद्रव प्रयोगशाळेत रोगकारक नसलेल्या ई. कोलाय जिवाणूंबरोबर मिसळतात आणि ठरावीक वेळाने किती जिवाणू उरले ते मोजतात. केव्हिन मॅटसन, आयरीन टीलेमन व कर्क क्लासिंग यांनी २००६ मध्ये पाच उष्णकटिबंधीय जातींच्या पक्ष्यांवर ही चाचणी पकडल्याबरोबर व एक तासाच्या ताणानंतर अशी दोनदा केली. तासाभराच्या ताणाने मारकक्षमता ४० टक्क्यांपर्यंत घटल्याचे त्यांना आढळले. हे पक्षी समुद्रपक्षी नव्हते. तरीही चाचणी तीच आणि तत्त्वही तेच असल्याने समुद्रपक्ष्यांवर काम करणाऱ्यांना या निष्कर्षाकडे दुर्लक्ष करता येत नाही. दोन वसाहतींमध्ये एवढा फरक आढळला असता, तर तो प्रदूषणाचा किंवा उपासमारीचा परिणाम म्हणून सहज मांडला गेला असता.

तिसरी चाचणी नैसर्गिक प्रतिपिंडे व पूरक प्रथिने यांची. मॅटसन, रिकलेफ्स व क्लासिंग यांनी २००५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत पक्ष्याचा रक्तद्रव टप्प्याटप्प्याने विरल करून सशाच्या तांबड्या पेशींबरोबर ठेवतात. पेशी एकमेकींना चिकटल्या तर ते प्रतिपिंडांचे काम आणि फुटल्या तर त्यात पूरक प्रथिनांचा भाग असतो. प्रतिपिंडे रक्तात बराच काळ टिकतात, त्यामुळे थोड्या मिनिटांत त्यांच्या पातळीत मोठा बदल अपेक्षित नसतो. दीर्घ ताणाची गोष्ट वेगळी आहे. मादी आयडर हे समुद्री बदक अंडी उबवताना सुमारे साडेतीन आठवडे उपाशी राहते. बूर्जों व राक्लो यांनी २००६ मध्ये अशा माद्यांच्या शरीरात कॉर्टिकोस्टेरॉन सोडणाऱ्या गोळ्या बसवल्या. प्रतिपिंडांची पातळी घटली, पण पेशींवर आधारित प्रतिसादावर तसा परिणाम दिसला नाही. एकच संप्रेरक, एकच पक्षी, आणि प्रतिकारशक्तीच्या दोन शाखांवर दोन निराळे परिणाम!

चौथी चाचणी त्वचेवरील सुजेची. राजम्यातून मिळणारे फायटोहिमॅग्लुटिनिन हे प्रथिन त्वचेत टोचतात व बहुधा चोवीस तासांनी सूज किती आली ते जाडीमापकाने मोजतात. समुद्रपक्ष्यांत यासाठी बोटांमधील पडदा सोयीचा असतो. मात्र या चाचणीसाठी पक्षी दोनदा पकडावा लागतो. पहिल्या पकडीचा ताण ओसरण्याच्या काळातच सूज येत असते. हाताळणी या चाचणीतून वेगळी काढताच येत नाही. ती सर्व पक्ष्यांच्या बाबतीत सारखी ठेवणे एवढेच संशोधकाच्या हाती असते.

ताणाने प्रतिकारशक्ती नेहमी घटते काय?

पाठ्यपुस्तकांत ‘ताणामुळे प्रतिकारशक्ती कमी होते’ असे सरसकट वाक्य आढळते. धाभर व मॅकइवेन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत चित्र वेगळे दिसले. उंदरांना थोडा वेळ ताण दिल्यावर त्वचेतील पेशीजन्य प्रतिसाद वाढला आणि आठवडेच्या आठवडे ताण दिल्यावर तोच प्रतिसाद मंदावला. शिकारी प्राण्याशी झटापट झाली तर जखम होण्याची शक्यता असते आणि जखमेतून जंतू शिरतात. अशा वेळी संरक्षक पेशी त्वचेकडे धावणे उपयोगाचेच आहे. म्हणून हाताळणीचा परिणाम कोणत्या दिशेने होईल हे चाचणी, अवयव व काळ यांवर अवलंबून राहते. सर्व आकड्यांतून ठरावीक टक्के वजा-अधिक करून दुरुस्ती करता येईल, अशी सोय येथे नाही.

वेगाबाबतही असेच म्हणता येईल. डेबोरा ब्यूलर व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये रेड नॉट या किनाऱ्यावरील पक्ष्यांत हाताळणीचा अभ्यास केला. प्रतिकारशक्तीची उपजत अंगे कॉर्टिकोस्टेरॉनपेक्षा सावकाश बदलतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा की, तीन मिनिटांत रक्त मिळाले नाही म्हणून प्रतिकारशक्तीचा नमुना लगेच वाया जात नाही. थोडी अधिक सवड मिळते. परंतु ती किती, हे त्या जातीसाठी व त्या चाचणीसाठी तपासूनच ठरवावे लागते.

खरा धोका कोठे आहे?

हाताळणीचा परिणाम सर्व पक्ष्यांवर सारखाच होत असता, तर सर्वांचे आकडे सारखेच सरकले असते आणि तुलना शाबूत राहिली असती. अडचण अशी आहे की सर्व पक्षी सारखे घाबरत नाहीत.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळील बर्ड आयलंडवर ब्रिट हायडिंगर, इयन निस्बेट व एलन केटरसन यांनी वय ठाऊक असलेल्या सुरय पक्ष्यांचा अभ्यास केला. पकडून ठेवल्यावर वयस्क पक्ष्यांत कॉर्टिकोस्टेरॉनची वाढ तरुणांपेक्षा कमी होते, असे त्यांना २००६ मध्ये आढळले. आता समजा, दुसऱ्या कोणी याच पक्ष्यांचे रक्त पकडल्यापासून पाऊण तासाने घेतले आणि वयस्क पक्ष्यांची जिवाणू मारण्याची क्षमता अधिक भरली. वयाबरोबर प्रतिकारशक्ती वाढते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. प्रत्यक्षात दोन्ही गटांची मूळ क्षमता सारखी असून तरुण पक्षी पाऊण तासात अधिक खालावले, अशीही शक्यता आहे. केवळ त्या नमुन्यांवरून दोहोंपैकी कोणते खरे हे सांगता येणार नाही.

दुसरे उदाहरण अर्जेंटिनातील पुंता तोम्बो येथील मॅगेलॅनिक पेंग्विनांचे. तेथे ब्रायन वॉकर, डी बोअर्स्मा व विंगफील्ड यांना असे दिसले की, पर्यटकांची सवय झालेल्या प्रौढ पेंग्विनांमध्ये माणूस जवळ आल्यावर होणारी कॉर्टिकोस्टेरॉनची वाढ कमी असते. अशा वसाहतीची तुलना माणूस न पाहिलेल्या वसाहतीशी केली आणि रक्त उशिरा घेतले, तर पर्यटनाने पक्ष्यांची प्रकृती सुधारते असा विपरीत निष्कर्षही निघू शकेल. त्याच्या आधारे एखादे बेट पर्यटकांना खुले झाले, तर संख्याशास्त्रातील चुकीची किंमत पक्ष्यांना मोजावी लागेल.

संशोधक कोणती काळजी घेतात?

या संदर्भात पुढील उपाय महत्त्वाचे आहेत.

१) वसाहतीत शिरल्याची, पक्षी पकडल्याची व रक्त घेतल्याची वेळ प्रत्येक पक्ष्यासाठी स्वतंत्रपणे नोंदवणे. वेळेची नोंद नसलेला आकडा पुढे कोणत्याही युक्तीने सुधारता येत नाही.

२) तुलना करायच्या गटांतील पक्षी आलटून-पालटून पकडणे. सकाळी एक गट व दुपारी दुसरा असे केल्यास वेळ आणि गट यांची सरमिसळ होते. मग काळाचा परिणाम गणिताने वेगळा काढू म्हटले तरी निघत नाही.

३) मुख्य अभ्यासापूर्वी थोड्या पक्ष्यांवर हाताळणीचाच परिणाम तपासणे. एकाच पक्ष्याचे पुन्हा पुन्हा रक्त काढल्यास रक्त पातळ होण्याचा परिणामही त्यात मिसळतो. म्हणून तीन, तीस व साठ मिनिटांसाठी वेगवेगळे पक्षी घेणे अधिक बरे.

४) रक्ताचे प्रमाण मर्यादित ठेवणे. साधारणपणे शरीराच्या वजनाच्या एक टक्क्याहून अधिक रक्त एका वेळी घेऊ नये, असा संकेत आहे. सव्वाशे ग्रॅम वजनाच्या सुरय पक्ष्यासाठी ही मर्यादा सुमारे सव्वा मिलिलिटर येते, तर पंचवीस ग्रॅमच्या स्टॉर्म पेट्रलसाठी अवघी पाव मिलिलिटर.

५) काचपट्टी वाचणाऱ्याला ती कोणत्या गटाची आहे हे कळू न देणे.

जर्मनीतील विल्हेल्म्सहाफेन येथे पीटर बेकर व सहकाऱ्यांनी तर पक्षी न पकडताच रक्त घेण्याची युक्ती काढली व ती २००६ मध्ये प्रसिद्ध केली. पोकळ कृत्रिम अंड्यात प्रयोगशाळेत वाढवलेला रक्तपिपासू ढेकूणवर्गीय कीटक ठेवायचा आणि ते अंडे सुरय पक्ष्याच्या घरट्यात ठेवायचे. पक्षी नेहमीप्रमाणे अंडी उबवत बसतो, कीटक अंड्याच्या छिद्रातून त्याचे रक्त शोषतो आणि नंतर संशोधक ते रक्त कीटकाच्या पोटातून सुईने काढून घेतात. ही पद्धत सर्व चाचण्यांना चालेलच असे नाही, कारण कीटकाच्या शरीरात रक्ताच्या घटकांत बदल होऊ शकतात. तरी पक्ष्याला हात न लावता नमुना मिळू शकतो, हे तिने दाखवून दिले.

वर्गातील उपयोग

वन्य पक्षी पकडण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार परवानगी लागते. त्यामुळे विद्यार्थ्यांनी असा प्रयोग करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पावसाळ्यातील वादळांत गोवा व कोकणच्या किनाऱ्यावर बुबीसारखे थकलेले समुद्रपक्षी कधीकधी सापडतात. त्यांनाही कुतूहलापोटी हाताळत न बसता वन विभागाला कळवणे इष्ट होय. त्यांची स्थिती पाहता हाताळणीचा प्रत्येक मिनिट त्यांच्यावर आणखी एक ओझे असतो. पक्षिणीची पिल्ले उचलून आणणाऱ्यांना ती परत ठेवायला सांगितल्याची हदीस आपल्या वाचकांना परिचित आहे. प्राण्याला विनाकारण त्रास न देण्याची शिकवण आणि शुद्ध मोजमापाची गरज येथे एकाच दिशेला नेतात.

विषय समजावण्यासाठी दोन सोपे उपक्रम सुचवता येतील. पहिल्यात विद्यार्थ्यांनी निवांत बसून आपली नाडी मोजावी. नंतर पुढील मिनिटाला तोंडी परीक्षा सुरू होणार असे जाहीर करून पुन्हा मोजावी. कोणाची नाडी किती वाढली याचा आलेख काढला की, परिणाम सर्वांवर सारखा होत नाही हे त्यांच्या लक्षात येईल.

दुसरा उपक्रम कागदावरचा. दोन काल्पनिक वसाहती द्याव्यात. ‘अ’ वसाहत सपाट वाळूवर असून तेथे सरासरी ५ मिनिटांत रक्त मिळाले व जिवाणू मारण्याचे प्रमाण ८० टक्के आले. ‘ब’ वसाहत कड्यावर असून तेथे ४५ मिनिटे लागली व प्रमाण ६० टक्के आले. ‘ब’ वसाहतीतील पक्षी आजारी आहेत असे म्हणता येईल काय, हे विद्यार्थ्यांना विचारावे. म्हणता येत नसेल, तर खात्री करण्यासाठी आणखी कोणते नमुने घ्यावेत, हेही त्यांनी लिहावे. ‘अ’ मधील काही पक्षी मुद्दाम ४५ मिनिटे ठेवून तपासावेत, असे उत्तर एखाद्याने दिले तर त्याला प्रायोगिक नियंत्रणाचे मर्म समजले. त्याच पक्ष्यांना तेवढा वेळ धरून ठेवणे योग्य आहे काय, असा उलट प्रश्न दुसऱ्याने विचारला तर त्याला संशोधनाची नीती समजली.

समारोप

वन्य समुद्रपक्ष्याच्या रक्तातून मिळालेला प्रतिकारशक्तीचा आकडा हा पकडलेल्या पक्ष्याचा आकडा असतो. तो निरुपयोगी नाही, पण त्याच्यासोबत वेळेची नोंद असली पाहिजे. कॉर्टिकोस्टेरॉन मिनिटांत बदलते, पांढऱ्या पेशींचे गुणोत्तर व जिवाणू मारण्याची क्षमता तासाच्या मापाने बदलतात, प्रतिपिंडे त्याहून सावकाश बदलतात. कोणता पक्षी किती बदलेल हे त्याचे वय, जात व माणसांशी असलेला परिचय यांवर ठरते. म्हणून विद्यार्थ्यांना शोधनिबंध वाचायला देताना निष्कर्षाकडे वळण्यापूर्वी पद्धतीच्या भागात रक्त किती मिनिटांनी घेतले ते शोधायला सांगावे. तो आकडा तेथे नसेल, तर पुढील तक्त्यांतील फरक पक्ष्यांचा की पकडणाऱ्याच्या घड्याळाचा, हे वाचकाला ठरवता येणार नाही.